परसबागेतले उंदीर: नऊ आठवड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घरामागे साधारण १२ बाय ९ मीटरची बाग. चार वाफे, त्यांत टोमॅटो, मका, रताळी आणि थोडी पालेभाजी. वाफ्यांतून ठिबकच्या नळ्या फिरवलेल्या. मागच्या कुंपणभिंतीला टेकून जुन्या फळ्या आणि छाटलेल्या फांद्यांचा ढीग, त्याला लागून तळ नसलेली लाकडी कंपोस्ट पेटी. कोपऱ्यात अवजारांची छोटी खोली. तिच्यात पक्ष्यांच्या दाण्याची प्लास्टिकची पिशवी, हाडांच्या चुऱ्याचं खत आणि एकात एक घातलेल्या रिकाम्या कुंड्या. दाण्याचं भांडं झाडाला टांगलेलं, त्याखाली रोज मूठभर दाणा सांडलेला. मांजराची वाटी रात्रभर मागच्या पायरीवर.

घरात निवृत्त जोडपं, त्यांची मुलगी, पाच वर्षांचा नातू आणि मांजर. बाग आजींच्या हातची, म्हणून पुढे त्यांचा उल्लेख बाई असाच येईल. घराची किंवा शेजाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

वरचं वर्णन पुन्हा एकदा वाचलं तर लक्षात येईल की उंदराला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी पंधरा पावलांच्या आत होत्या: खाणं, ठिबकचं पाणी आणि कोणी वर्षभर न हलवलेला आडोसा. बाग गलिच्छ मुळीच नव्हती. उलट फार प्रेमाने राखलेली होती.

अडचण कशी समोर आली

सुरुवात टोमॅटोपासून झाली. पिकायला आलेली फळं एका बाजूने पोखरलेली, कडेला दातांच्या जोडखुणा. आधी गोगलगाईंवर संशय गेला, पण चिकट चकाकता माग कुठे नव्हता. मग खारींवर. खार दिवसा खाते आणि नुकसान रात्रीतून होत होतं. पाठोपाठ ठिबकची नळी सात ठिकाणी कुरतडलेली सापडली. रताळी उपटली तर वरून धड आणि आतून पोकळ. मक्याचं बी पेरलं की दुसऱ्या दिवशी ओळीने खड्डे.

शेवटी भर दुपारी फळ्यांच्या ढिगाखालून एक मोठा उंदीर निघून कंपोस्ट पेटीत शिरताना नातवाने पाहिला. उंदीर निशाचर. तो दिवसाढवळ्या फिरू लागला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ गर्दी वाढली आहे, किंवा कोणीतरी त्यांची बिळं विस्कटली आहेत.

आधी केलेले तीन उपाय, तीन आठवडे

पहिला उपाय अल्ट्रासाउंडचं, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवायचं यंत्र. पहिल्या दोन रात्री शांतता, मग पूर्ववत. हा आवाज फळी किंवा मातीच्या आडून पुढे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात.

दुसरा, चिकट पट्ट्या. एकीत सरडा अडकला, दुसरीत चिमणी. उंदीर एकही नाही. अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो, हे एक. आणि बागेत धूळ, ओल, पालापाचोळा लागून डिंक दोन दिवसांत निकामी होतो, हे दुसरं. उघड्या बागेत या पट्ट्यांना काही काम नाही.

तिसरा उपाय सर्वांत महागात पडला. घरात पडून असलेली काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पिठात कालवून गोळ्या बिळांच्या तोंडाशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन मेलेले उंदीर मिळाले आणि घरात उत्साह आला. पण त्यानंतर एकाही गोळीला तोंड लागलं नाही. हे विष पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू तयार करतं आणि काही तासांत त्रास सुरू होतो. उंदीर नवीन खाण्याचा आधी कणभर तुकडा चाखतो. मरण्याइतकं पोटात गेलं नाही तर तो आजारी पडतो, वाचतो, आणि ती चव कायमची लक्षात ठेवतो. म्हणूनच हे विष वापरणारे जाणकार आधी दोन-तीन दिवस तेच पीठ विषाशिवाय खायला घालतात. इथे ती पायरी गाळली गेली. तिसऱ्या दिवशी मांजर त्याच गोळ्या हुंगताना दिसलं, तेव्हा त्या उचलल्या गेल्या. या विषावर नेमका उतारा नाही.

हे तीन आठवडे नुसते वाया गेले असं म्हणणंही कमीच ठरेल. तपकिरी उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते आणि एका वेळी साधारण सहा ते बारा पिल्लं देते. प्रयत्नांत तीन आठवड्यांची खीळ पडली की मेलेल्या दोघांची भरपाई होऊन वर उरते.

पाहणी

इथून पुढे कामाला हिशेब आला, आणि शीर्षकातले नऊ आठवडेही इथूनच मोजले आहेत. आधी प्राणी कोणता हे ठरवलं. लेंड्या १८ ते २० मिमी लांब, जाड, दोन्ही टोकं बोथट: हा तपकिरी उंदीर, जमिनीत बीळ करणारा. छपरावर, झाडावर चढणाऱ्या काळ्या उंदराची लेंडी साधारण १२ मिमी आणि टोकदार असते. त्याच्यासाठी सापळे उंचावर लावावे लागतात. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा मोठा ढिगारा आणि तोंड आतून मातीने बुजवलेलं दिसलं असतं तर घूस समजून मोठा, दणकट सापळा घ्यावा लागला असता. लांब सोंडेसारखं नाक आणि उग्र दर्प असेल तर ती चिचुंद्री. ती किडे खाते, तिला मारायचं कारण नाही.

मग बिळं मोजली. ७ ते ८ सेंमी व्यासाची नऊ तोंडं: पाच फळ्यांच्या ढिगाखाली, दोन कंपोस्ट पेटीच्या कडेला, एक अवजारांच्या खोलीच्या पायाशी आणि एक गटाराच्या चेंबरजवळ. यांतली चालू कोणती? त्यासाठी सर्वांत स्वस्त चाचणी कागदाची. संध्याकाळी प्रत्येक तोंडात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबला आणि २४ तासांनी पाहिलं. नवांपैकी सहा बोळे बाहेर फेकलेले किंवा आत ओढलेले होते. आकडा वहीत गेला: सहा. उंदीर किती आहेत हे कोणालाच मोजता येत नाही, पण चालू बिळं मोजता येतात, आणि पुढचा प्रत्येक निर्णय याच आकड्यावर घेतला गेला.

भिंतीच्या कडेने गवत दबून चार बोटं रुंदीच्या वाटा पडल्या होत्या. वाटांवर पसाभर बारीक वाळू पसरून ठेवली. सकाळी पावलं आणि मधून शेपटीची रेघ.

पर्याय आणि निर्णय

पेस्ट कंट्रोलचं काम करणाऱ्या एका माणसाला बोलावलं होतं. त्याने बंद पेट्यांत रक्त पातळ करणाऱ्या विषाच्या मेणवड्या सुचवल्या. ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के हे त्यातलं नेहमीचं. त्याची जमेची बाजू अशी की त्रास काही दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे उंदराला खाण्याचा आणि दुखण्याचा संबंध लागत नाही. व्हिटॅमिन के१ हा उताराही आहे. पण विष खाल्लेला उंदीर मरायच्या आधी तीन-चार दिवस सुस्तपणे फिरतो. मांजर, घुबड अशालाच आधी धरतं, आणि विष यकृतात टिकून राहतं. शिवाय उंदीर भिंतीत किंवा जमिनीखाली मेला तर दुर्गंधी आठवडाभर. मांजर आणि लहान मूल असलेल्या घरात हा पर्याय राखीव ठेवला, पहिला नव्हे.

बिळात टाकायच्या गॅसच्या गोळ्यांचा विषय शेजाऱ्यांनी काढला: “काकू, दोन गोळ्या टाका, माती लोटा, सुंठीवाचून खोकला गेला.” याला मात्र ठाम नकार. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फीन सुटतो. तो मातीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने, भिंतीच्या फटींतून घरात येऊ शकतो. त्यावर उतारा नाही. अशा वापराने झोपेतली माणसं गेली आहेत. घराला लागून असलेल्या बागेत हा पर्याय चर्चेलाही घेऊ नये.

जिवंत पकडणारे पिंजरे? पकडलेला उंदीर सोडायचा कुठे, इथेच गाडी अडते. जवळ सोडला तर परत येतो. लांब सोडला तर अनोळखी जागी बहुधा मरतो, किंवा दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

उरला स्प्रिंगचा चाप. चांगल्या ताकदीचा असेल तर क्षणात काम होतं, प्रेत हाती लागतं, मोजता येतं. ठरलं ते चापाचंच. पण चापांपेक्षा मोलाचा ठरला तो कामाचा क्रम. बाईंना पहिल्याच दिवशी फळ्यांचा ढीग आणि कंपोस्ट उपसून टाकायचं होतं. तो मोह आवरला हे बरं झालं. आडोसा आधी मोडला की उंदीर मरत नाहीत, पांगतात, आणि पांगलेले बहुधा घराकडे येतात. म्हणून क्रम असा लागला: आधी घर बंद, मग खाणं बंद, मग चाप, आणि आडोसा सर्वांत शेवटी.

काय केलं

पहिले दोन दिवस घरासाठी गेले. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याच्या पाइपाभोवती २५ मिमीची फट होती, मागच्या दाराखाली १५ मिमीची. उंदराच्या पिल्लाला एवढी पुरते. फटीत आधी जाळीचा चुरगळलेला तुकडा, वरून सिमेंट. दाराला खालून धातूची पट्टी. फवारून फुगणारा फोम एकटा वापरू नये, उंदीर तो पावासारखा कुरतडतात.

तिसऱ्या दिवशी दाण्याचं भांडं उतरवलं. दाणा आणि हाडांचा चुरा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गेला. मांजराची वाटी दिवेलागणीला आत, पडलेली फळं रोज संध्याकाळी गोळा. कंपोस्टमध्ये शिजलेलं काहीही टाकणं थांबलं. मोठा उंदीर दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खातो. एवढं बाहेर फुकट मिळत असेल तर चापावरच्या चिमूटभर आमिषाकडे तो कशाला फिरकेल?

चापांसाठी प्लायच्या पाच पेट्या केल्या: ४५ सेंमी लांब, २० रुंद, १५ उंच, दोन्ही टोकांना, भिंतीकडच्या बाजूला ६.५ सेंमीचं भोक. झाकण स्क्रूने बंद. भोकाच्या आत एक आडवी फळी, म्हणजे मुलाचा हात किंवा मांजराचा पंजा चापापर्यंत पोचत नाही. प्रत्येक पेटीत दोन चाप, तारेने तळाला बांधलेले. पेट्या वाटांवर, भिंतीला चिकटून, दोन-तीन मीटर अंतराने.

आता सगळ्यांत कंटाळवाणा भाग. पाच रात्री चाप ताणलेच नाहीत. नुसतं आमिष ठेवलं. तपकिरी उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्या रात्री ताणलेला चाप अर्धवट लागला की तो उंदीर पुढे पेटीजवळ येत नाही. पहिल्या दोन रात्री आमिष जसंच्या तसं होतं. तिसऱ्या रात्री तीन पेट्यांतलं गेलं, पाचव्या रात्री चारांतलं. पाचवी पेटी अस्पर्श. नीट पाहिलं तर ती पायवाट सोडून बसली होती, भिंतीपासून ४० सेंमी दूर. भिंतीला सरकवली आणि त्याच रात्री आमिष गेलं.

मग दहाही चाप एकदम ताणले. पहिल्या रात्री चार, दुसऱ्या रात्री तीन. तिसऱ्या रात्री शून्य. चौथ्या रात्री एक.

शून्याच्या त्या रात्री काय झालं हे पेट्या उघडल्यावर कळलं. दोन चापांवरचा शेंगदाण्याचा लगदा चाटूनपुसून साफ, चाप तसाच ताणलेला. बाईंनी मायेने चमचाभर लावला होता. आमिष वाटाण्याएवढंच हवं, आणि तेही दोऱ्याने पट्टीला बांधलेला बदामाचा तुकडा असेल तर उत्तम; ओढल्याशिवाय तो सुटत नाही. तिसरा चाप लागलेला होता, पण जबड्यात फक्त चार करडे केस. तो चाप भिंतीला समांतर बसला होता. चाप भिंतीशी काटकोनात आणि आमिषाची पट्टी भिंतीकडे असावी, म्हणजे कडेने धावणारा उंदीर कुठूनही आला तरी पट्टीवरच येतो. दोन्ही चुका सुधारल्यावर पुढच्या आठ रात्रींत आणखी तीन मिळाले. एकूण अकरा.

हाताळणीत एक शिस्त पाळली: रबरी हातमोजे, प्रेत दुहेरी पिशवीत, आणि तेही लगेच; कारण अंग गार पडलं की पिसवा ते सोडून दुसरं शरीर शोधतात. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग कागदाने उचलायचं. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. बाई अनवाणी, ओल्या मातीत काम करायच्या. ते बंद झालं. दात लागलेली फळं कापून वाचवायची नाहीत, अख्खी फेकायची.

चौथ्या आठवड्यात ढीग आणि कंपोस्ट उपसलं, भोवती चाप ताणलेले ठेवूनच. पेटीच्या मधोमध कोरड्या, उबदार भागात घरटं निघालं: कागदाच्या चिंध्या, तण-आच्छादनाच्या कापडाचे धागे आणि ठिबकच्या नळीचे काळे तुकडे, नीट वाटीसारखे रचलेले. ते रिकामं होतं. दर आठवड्याला उलथलेलं, ओलसर कंपोस्ट उंदराला घरट्यासाठी नकोसं असतं. हे वर्षभर हललं नव्हतं.

नव्या पेटीच्या तळाला आणि ३० सेंमीपर्यंत बाजूंना जाळी लावायची होती. पहिल्यांदा घरात असलेली षटकोनी कोंबडीजाळी ठोकली गेली. २५ मिमीचं भोक आणि केसासारखी तार; पिल्लं आरपार जातात आणि मोठे ती कुरतडतात. ती काढून १२ मिमी भोकाची, सुमारे १ मिमी तारेची जस्ताचा मुलामा असलेली वेल्डमेश लावली. अवजारांच्या खोलीभोवती तीच जाळी ३० सेंमी खोल आणि तळाशी २५ सेंमी बाहेर वळवून पुरली. खणत आलेला उंदीर जाळीला अडकला की मागे सरकून पुन्हा खणायला लागत नाही, तिथेच धडका देत राहतो. म्हणून ती बाहेर वळवायची.

मध्येच अडलं

पाचव्या आठवड्यात कागदाची चाचणी पुन्हा झाली. नवांपैकी आठ बोळे जागेवर. नववा, चेंबरजवळचा, बाहेर. मातीने बुजवलं, दोन दिवसांत उघडलं. दगड आणि सिमेंट घातलं, तर हातभर अंतरावर नवं तोंड. शेजाऱ्यांच्या बागेवर खापर फोडून झालं. बिळाजवळ चाप वाढवून झाले. नऊ दिवस यात गेले आणि एक उंदीर मिळाला.

खुणा आधीपासून समोर होत्या. त्या बिळापासून वाफ्यांकडे जाणारी वाट ठळक नव्हती. भोवतीची माती कोरड्या दिवसांतही ओली, जमीन किंचित खचलेली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार चालला होता. अखेर संडासात रंगीत पाणी ओतून पाहिलं. बिळाशेजारी ६० सेंमी खणल्यावर रंगलेली माती लागली आणि मातीच्या जुन्या पाइपाचा फुटलेला सांधा दिसला. या बिळातले उंदीर बागेत राहायला आले नव्हतेच. ते गटारातून वर येत होते, आणि जागा रिकामी झाली की पुढचा येणार होता.

पाइपाचा तेवढा भाग पीव्हीसीचा बसवला, सांधा पक्का केला, चेंबरच्या झाकणाची कड सिमेंटने बंद केली. एक वाफा खणावा लागला. नऊ दिवसांच्या चालढकलीचं खरं कारण तेच होतं. त्या वाफ्यात रताळी होती.

निकाल

दुरुस्तीनंतर दोन रात्री चाप रिकामे. तिसऱ्या रात्री एक, बहुधा वर अडकून पडलेला. त्यानंतर सलग तीन आठवडे वाळूवर पाऊल नाही, बोळा हललेला नाही. नवव्या आठवड्याच्या शेवटी वहीत चालू बिळं: शून्य. एकूण पकडलेले तेरा, अधिक सुरुवातीचे विषाने मेलेले दोन. ठिबकची नळी बदलली, ती शाबूत आहे. टोमॅटो अजूनही काही फुकट जातात, पण दिवसा, आणि ते काम खारीचं आहे.

तीन महिन्यांनी अवजारांच्या खोलीत चार लेंड्या दिसल्या. दार रात्रभर उघडं राहिलं होतं. त्या रात्री चाप ताणला, दुसऱ्या दिवशी प्रश्न मिटला.

काय वेगळं करता आलं असतं

कागदाचे बोळे पहिल्याच दिवशी घालता आले असते. त्याला काही लागत नाही, आणि तीन आठवड्यांचे अंदाज वाचले असते. काळ्या पुडीला हातच लावायला नको होता.

पाइपाची तपासणी पाहणीतच व्हायला हवी होती. चेंबर, पाइप किंवा संडासाच्या दोन मीटरच्या आत बीळ असेल तर आधी गटार तपासावं, चाप नंतर. त्या वेळी हे सुचलं नाही, कारण बाकीच्या आठ बिळांचं स्पष्टीकरण बागेतच मिळत होतं.

दाण्याचं भांडं कायमचं काढायचं की नाही, यावर घरात एकमत झालं नाही. शेवटी ते परत टांगलं, पण खाली रुंद थाळी लावून, आणि दाणा सकाळी टाकून संध्याकाळी भांडं आत घेण्याच्या अटीवर. शेजाऱ्यांचं भांडं मात्र कुंपणापासून चार मीटरवर अजून रात्रंदिवस लटकलेलं आहे. एकाच वेळी दोन्ही बागांत चाप लावले असते तर हिशेब पूर्ण झाला असता. शेजारी तयार नव्हते. म्हणून दोन पेट्या त्या बाजूच्या भिंतीला अजून आहेत. चाप न ताणलेले, बदामाचा तुकडा दोऱ्याने बांधलेला. दर रविवारी बाई झाकणाचे स्क्रू काढून तुकडा आहे का ते पाहतात.